बावीस पाने आणि दोन हात

पत्राचा सारांश : वसईजवळच्या एका गावात राहणाऱ्या आणि बँकेत नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीच्या घरी नाताळच्या दुपारी सगळ्या कुटुंबाने एकत्र जेवण्याची रीत आहे. यंदा बावीस पाने होतील. कलकल, नेवऱ्या, पेरूचे चीज (पेरूच्या गराच्या वड्या), काजूचे मार्झिपान, मिल्क क्रीम, थाली स्वीट (रवा-नारळाचा केक) आणि फळांचा केक असे सात गोड पदार्थ, आणि जेवणात पोर्क रोस्ट, भरलेली कोंबडी व सोरपोतेल (व्हिनेगर-मसाल्यातले पोर्क), हे सारे आजवर त्यांच्या सासूबाई घरीच करत आल्या. पावसाळ्यात सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले. आता त्या वॉकर घेऊन चालतात, पण ओट्यापाशी फार वेळ उभे राहू शकत नाहीत. पाककृती कुठेही लिहून ठेवलेल्या नाहीत. नणंद सात वर्षांनी कॅनडाहून येते आहे आणि ‘आईच्या हातचे सगळे खायचे आहे’ असे तिने फोनवर सांगितले आहे. पती म्हणतात, सगळे बाहेरून मागवू. बाई लिहितात, “बाहेरून मागवले तर घराची रीत माझ्या काळात मोडली असे होईल, आणि घरी करायचे तर माझ्याजवळ नाताळपूर्वी जेमतेम दोन दिवसांची रजा आहे. सासूबाईंना या काळजीत ओढायचे नाही, म्हणून त्यांच्यापाशी मी अजून विषयच काढलेला नाही. काय करू?”

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. पत्रात दहा पदार्थांची नावे आहेत, बावीस माणसांचा हिशोब आहे, नणंदेची इच्छा आहे, पतींचे मत आहे. पण काम करणारे हात मात्र दोनच आहेत, आणि ते तुमचे आहेत. म्हणून ‘घरी करावे की बाहेरून मागवावे’ या प्रश्नाकडे वळण्याआधी, हे सगळे एकाच बाईने करायचे असते हे तुम्ही कशावरून धरून चाललात, एवढे मला तुम्हाला विचारायचे आहे.

सासूबाईंनी ते एकटीने केले, असे तुम्ही म्हणाल. तुम्ही लग्न होऊन या घरात आलात तेव्हापासूनचे ते खरेही असेल. पण त्याआधीचा नाताळ कसा होता, हे पतींना एकदा निवांत विचारून पाहा. माझे बालपण तुमच्याच तालुक्यात गेले आणि आमच्या आळीत डिसेंबरच्या संध्याकाळी चार घरच्या बायका एका ओटीवर बसून कलकल वळत असत. आम्हा मुलांच्या हाती काटेचमचा किंवा कोरा करकरीत कंगवा दिला जाई आणि पिठाची गोळी त्यावर दाबून वळली की शंखासारख्या रेघा उठत. पेरूच्या चीजची कढई एकीचा हात भरून आला की दुसरी हाती घेई. मांस कापणे आणि साफ करणे हे पुरुषांचे काम होते. घरोघरी ओव्हन नव्हते, म्हणून केकची भांडी पावाच्या बेकरीत नेली जात आणि पाव निघाल्यावर भट्टीत जी ऊब राही तिच्यावर भाजून आणली जात. पुढे मुले शिकायला बाहेर गेली, शेजारच्या काकू थकल्या, ओटीच्या जागी इमारत आली, आणि ते काम गळत गळत एका घरातल्या एका बाईच्या हाती येऊन साचले. तुम्ही जिला रीत समजता आहात ती रीतीची अलीकडची, थकलेली अवस्था आहे. मूळ रीत अनेक हातांची होती, आणि मोडायची भीती बाळगायचीच असेल तर ती त्या रीतीबद्दल बाळगावी असे मला मनापासून वाटते.

आणि बदल केला म्हणजे रीत मोडली, असेही नव्हे. ‘नाताळ’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. १५३४ ते १७३९ या काळात वसई त्यांच्या ताब्यात होती. त्यांच्या देशात मार्झिपान बदामाचे होते, आपल्या बायकांनी ते काजूचे केले. आणि तो काजू, तसाच आपला पेरू, हेही अमेरिका खंडातून त्यांच्याच गलबतांवरून आलेले. नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण आहे. ज्या बायकांपाशी भट्टी नव्हती त्यांनी रोस्ट टोपात, झाकण ठेवून मंद आचेवर करायला घेतला आणि आज त्यालाच आपण अस्सल म्हणतो. प्रत्येक पिढीने हाताशी काय आहे ते पाहून हे ताट मांडले आहे.

पतींच्या सूचनेवर तुम्ही रागावला आहात, ते मी समजू शकते, कारण ‘सगळे मागवू’ या म्हणण्यात काळजी असली तरी सुटका शोधण्याची घाईही असते. तरीही ‘घरचे’ आणि ‘विकतचे’ यांच्यामध्ये बरीच जागा आहे. तुमच्याच गावात नाताळच्या आधी ऑर्डर घेऊन कलकल, मार्झिपान, मिल्क क्रीम करून देणाऱ्या बायका असतील. वसईच्या पट्ट्यात अशा अनेक घरांचा डिसेंबरचा खर्च या कामावर निघतो. त्यांच्या स्वयंपाकघरातून आलेला डबा हाही घरचाच आहे, फक्त घर दुसरे आहे. अट एवढीच की ताटात वाढताना तो कोणी केला ते नावानिशी सांगावे. दुसरीचे श्रम आपले म्हणून खपवले की मनाला जी बोचणी लागते तिचीच तुम्हाला खरी भीती वाटते आहे, असे मला पत्र वाचताना जाणवले.

नणंदेच्या वाक्याबद्दलही थोडे लिहिते. सात वर्षे परदेशी राहिलेली मुलगी ‘आईच्या हातचे सगळे खायचे आहे’ असे म्हणते तेव्हा त्यात पदार्थांच्या यादीपेक्षा आईची आठवण अधिक असते. तुम्ही ते हुकमासारखे ऐकलेत. आईला आता उभे राहता येत नाही हे तिला फोनवरून ऐकून माहीत आहे, डोळ्यांनी तिने पाहिलेले नाही. म्हणून ती येण्याआधीच तिला मोकळेपणाने कळवा. “आईला यंदा उभे राहून काही करता येणार नाही. त्या खुर्चीत बसून सांगतील आणि आपण सगळ्यांनी मिळून करू. तू २० तारखेपर्यंत पोहोचलीस तर मार्झिपान तुझ्याकडे,” असे म्हणून पाहा. काम मिळाले की पाहुणेपण गळून पडते, आणि माहेरी आलेल्या मुलीला पाहुणीसारखे वागवले जाण्याची फार खंत असते.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट सांगते आणि ती तुमच्या चांगुलपणातूनच आलेली आहे, हे जाणून सांगते. सासूबाईंना त्रास नको म्हणून तुम्ही त्यांच्यापाशी नाताळचा विषयच काढलेला नाही. एवढी वर्षे ज्या बाईने आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीचे चार आठवडे, सुरू होण्याआधीच मनुका आणि टूटीफ्रूटी रममध्ये भिजत घातली, तिच्याभोवती नोव्हेंबर उलटून चालला तरी घरात कोणी ‘न’ काढत नाही, तेव्हा तिला काय वाटत असेल याचा विचार करा. हाड मोडल्यावर चालणे गेले; आता आपले मतही कोणाला नको झाले, असे तिला वाटू शकते. हा आराम नव्हे.

माझी आई शेवटच्या काही वर्षांत संधिवाताने बसून होती. तिचे थाली स्वीट मला कधीच साधले नाही. माझे नेहमी पातळ होऊन मधोमध खचत असे. ती म्हणायची, “चार ओंजळी रवा,” आणि मी चार ओंजळी रवा घेत असे. एका रविवारी मी वजनकाटा जेवणाच्या टेबलावर ठेवला, त्यावर रिकामी परात ठेवून आकडा शून्यावर आणला आणि तिला म्हटले, तू घाल. वाकडी झालेली तिची बोटे डब्यात गेली, तिने ओंजळ भरली, अंगठ्याने कडा सारखी केली आणि रवा परातीत सोडला. काट्यावर १६० ग्रॅम आले. मग मी माझी ओंजळ टाकली. ११० ग्रॅम. इतकी वर्षे मी तिच्याच मापाने करते असे समजत होते आणि प्रत्येक ओंजळीत ५० ग्रॅम कमी घालत होते. आई त्या आकड्याकडे बघून खूप हसली आणि मग, मी न विचारताच, तिने आणखी तीन गोष्टी सांगितल्या : नारळ काळ्या पाठीसकट वाटायचा नाही, अंडी फ्रीजमधून काढून तासभर बाहेर ठेवायची, आणि कालवलेले मिश्रण किमान दोन तास मुरू द्यायचे, नाहीतर रवा दातांखाली कचकचतो. यातले एकही तिने पूर्वी सांगितले नव्हते, कारण तिला ते सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. ते तिच्या हातांना ठाऊक होते.

येत्या रविवारी हेच करा. सासूबाईंची खुर्ची टेबलापाशी अशी ठेवा की कोपर टेबलावर टेकेल. त्यांच्या ‘अंदाजे’ला अडवू नका, दुरुस्त करू नका, फक्त प्रत्येक गोष्ट काट्यावर पडू द्या आणि लिहीत जा. निम्म्या प्रमाणात करा, म्हणजे फसले तरी हळहळ वाटणार नाही. आच, रंग आणि वास याबद्दल त्या जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. ‘लोणी कडेने हसू लागले की’ असे त्या म्हणाल्या तर तसेच लिहा, त्याचे मिनिटांत भाषांतर करू नका.

यंदा स्वतःच्या हाताने दोनच गोष्टी करा, असे मी सुचवेन : एक गोड आणि एक रोस्ट. तुमच्या सासूबाईंची ओळख कोणत्या पदार्थाशी जोडलेली आहे हे तुम्हालाच ठाऊक. पत्रावरून मला थाली स्वीट आणि पोर्क रोस्ट वाटले. बाकीचे वाटून द्या, आधी उरका किंवा सोडून द्या. मिल्क क्रीम दुधाचे असल्याने फार टिकत नाही आणि ऐन गर्दीच्या दिवसांत करावे लागते, तेव्हा ते खुशाल शेजारच्या बाईंकडून घ्या. पेरूचे चीज मात्र टिकते आणि पेरूही हिवाळ्यात चांगले मिळतात, म्हणून ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सुट्टीच्या दिवशी पतींनी करावे. गर आणि साखर समसमान वजनाने घ्यायची, लिंबू पिळायचे आणि गोळा कढईच्या कडा सोडेपर्यंत न थांबता ढवळायचे. हे बळाचे काम आहे आणि गर उडून पोळतो, तेव्हा हाताला जाड फडके गुंडाळायला त्यांना सांगा. कलकल मुलांकडे द्या. तळून पूर्ण गार झाल्यावर घट्ट डब्यात भरले तर सहज दोन आठवडे राहतात. नेवऱ्या आधी करायच्या असतील तर सारण सुक्या खोबऱ्याचे घ्या, ओल्या नारळाच्या नेवऱ्या दोन-तीन दिवसांत आंबूस होतात. केकची फळे अजून भिजली नसतील तरी अडत नाही, आठवडाभरही चालतो. पण ती भिजवण्याचा मान सासूबाईंना द्या.

रोस्टबद्दल सविस्तर लिहिते, कारण या विषयावर मला दर डिसेंबरला पत्रे येतात आणि बहुतेकांची अडचण एकच असते : घरचा ओव्हन लहान आणि माणसे फार. त्यासाठी टोपातला रोस्ट हाच उत्तम उपाय आहे. बरोबर सोरपोतेल आणि इतर पदार्थ असतील तर बावीस जणांना ४ किलो पोर्क पुरेल. खांद्याचे किंवा मांडीचे, वर चरबीचा पातळ थर असलेले, साधारण एकेक किलोचे चार तुकडे मागा. २३ तारखेच्या रात्री त्यांना सुरीच्या टोकाने खोलवर टोचून मीठ, आले-लसूण, हिरवी मिरची, मिरपूड आणि व्हिनेगर चोळा व स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा. ॲल्युमिनियमचे भांडे नको, आंबट लागले की ते चव बिघडवते. २४ तारखेला दोन जाड बुडाच्या टोपांत तुकडे आधी सर्व बाजूंनी तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई करू नका. रोस्टचा रंग आणि रसाची चव या परतण्यातच असते आणि टोपात गर्दी केली तर मांस परतले न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजते. मग लवंग, दालचिनी, सुक्या मिरच्या आणि कपभर गरम पाणी घालून झाकण ठेवा आणि अगदी मंद आचेवर, वीस-वीस मिनिटांनी उलटत, दीड ते दोन तास होऊ द्या. सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली की झाले.

हे आदल्या दिवशी करण्यामागे वेळ वाचवण्यापलीकडेही एक कारण आहे. गरम रोस्ट कापला की रस वाहून जातो आणि काप तुटतात. पूर्ण थंड झालेला रोस्ट सुरीखाली घट्ट राहतो आणि पातळ, अखंड काप पडतात. म्हणून निवताच, दोन तासांच्या आत, तो फ्रीजमध्ये ठेवा, २५ तारखेला सकाळी मिस्साहून आल्यावर कापा आणि उकळत्या रसात घालून वाफ येईपर्यंत गरम करा. नुसते कोमट करून वाढू नका. सोरपोतेल तर २२ तारखेलाच करावे. व्हिनेगर आणि मसाला दोन-तीन दिवस मुरल्यावरच त्याची खरी चव येते, आणि बाटलीतला मसाला (आपल्याकडे बाटल्यांत भरून ठेवतात तो मिश्र मसाला) घरात असेलच. या सगळ्याला तुमचा एक फ्रीज पुरणार नाही, तेव्हा शेजारी एक कप्पा आधीच मागून ठेवा.

भरलेली कोंबडी यंदा सोडून द्या, असे मी आग्रहाने सांगेन. बावीस जणांना दीड किलोच्या निदान चार कोंबड्या लागतील, घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एक, फार तर दोन बसतील आणि प्रत्येकीला सव्वा ते दीड तास लागेल. ज्यांच्या घरी माणसे थोडी आहेत त्यांनी ती अवश्य करावी, पण एक काळजी घ्यावी. काही वर्षांपूर्वी मी अडीच किलोची गोठलेली कोंबडी नाताळच्याच सकाळी बाहेर काढली आणि वरून ती मऊ लागली म्हणून सारण भरून ओव्हनमध्ये घातली. कातडी सुरेख सोनेरी झाली. टेबलावर कापली तेव्हा मांडीच्या हाडाशी मांस गुलाबी होते आणि आतले सारण नुसते कोमट. पाहुणे ताटावर बसलेले असताना ती परत ओव्हनमध्ये गेली आणि लहान मुले भात खाऊन उठली. ते मला अजून विसरता येत नाही. गोठलेला पक्षी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, आणि दर दोन-अडीच किलोंमागे पूर्ण एक दिवस द्यायचा. परदेशी राहणाऱ्या ज्या वाचक भगिनी सहा किलोची टर्की आणतात त्यांनी तीन दिवस धरावेत. स्वयंपाकघरात वापरायचा तापमापक मिळत असेल तर तो जरूर घ्या : मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे आणि सारणाच्या मध्यावरही तेवढेच. सारण वेगळ्या भांड्यात भाजले तर ही चिंताच उरत नाही.

पतींशी बोलताना ‘मला मदत करा’ असे म्हणू नका, ही एक लहानशी सूचना. मदत म्हटले की काम तुमचे ठरते. कागदावर दहा पदार्थ लिहा, प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा, आणि तो कागद फ्रीजवर लावण्याआधी सासूबाईंना दाखवून त्यांच्या हाताने त्यात बदल होऊ द्या. जाऊबाई-दीर येणार असतील तर त्यांचीही नावे त्यात असू द्या; जे स्वयंपाक करत नाहीत त्यांच्याकडे २५ तारखेची भांडी आणि मांडामांड द्या, आणि ते आधीच सांगा. दिवाळीच्या फराळाबद्दल ज्या भगिनींनी मला अशीच पत्रे लिहिली होती त्यांनाही मी हाच कागद सुचवला होता. बँकेत तुम्ही रजेचा तक्ता असाच करत असाल.

रविवारी सासूबाईंपाशी बसाल तेव्हा आणखी एक विचारून घ्या. रोस्टच्या रसात बटाटे त्या केव्हा घालतात, सालासकट की सोलून, आणि आधी तळून घेतात का? तुमच्या पत्रात बटाट्यांचा उल्लेखच नाही, आणि माझ्या माहितीतल्या प्रत्येक घरात या एका प्रश्नावर ठाम मत असते. त्या काय म्हणाल्या ते मलाही कळवा.